मुंग्यांना साखरही आपणच घालायची आणि खडूही आपणच ओढायचा?



दशलक्षण पर्व जवळ आलं की आपल्या बायकांच्या ग्रुपवर एक निरोप हमखास फिरतो. काळ्या मुंग्या घरात आल्या तर लक्ष्मी येते, त्यांना पीठसाखर घाला. लाल मुंग्या आल्या तर कर्ज वाढतं, त्यांचा ताबडतोब बंदोबस्त करा. खाली हात जोडल्याची चार चित्रं. यंदा हा निरोप मला चौघींकडून आला. त्याच आठवड्यात कानावर आलं की आपल्याच समाजाच्या एका मंदिरात, पर्वाला पाहुणे येणार म्हणून, कमिटीनं माणूस बोलावून भोजनगृहाच्या कानाकोपऱ्यांत औषध मारून घेतलं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की बाकीच्या गावांना आपण सुटलो असं वाटेल.

त्याच भोजनगृहाच्या भिंतीपलीकडे पहिल्या दिवशी उत्तम क्षमेवर प्रवचन होणार. सहाव्या दिवशी उत्तम संयम, त्यात प्राणिसंयम. बायका पांढऱ्या साड्या नेसून बसणार आणि माना डोलावणार.

आधी तो 'औषध' शब्द बघा. ज्यानं जीव वाचतो त्याला औषध म्हणायचं की ज्यानं जातो त्याला? ढेकणाचं औषध, झुरळाचं औषध, मुंग्यांचं औषध. विष म्हणायला जीभ रेटत नाही म्हणून आपण हा शब्द घेतला, आणि तो इतका अंगवळणी पडला की पाचवीतली मुलगीसुद्धा 'आई, औषध मार ना' म्हणते.

आता त्या काळ्या-लालकडे येऊ. काळी मुंगी शुभ म्हणणाऱ्यांनी कधी खाली वाकून बघितलंय का, ती कोणती काळी मुंगी आहे ते? काळी मुंगी म्हणून एक काही नसतं. आपल्या एका घरात, अंगणासकट, पाचसहा निरनिराळ्या जाती सहज सापडतात, आणि त्यांचं वागणं एकमेकींशी जुळत नाही.

सगळ्यांत ओळखीचा तो मुंगळा, कुणी डोंगळा म्हणतात. शास्त्रज्ञ त्याला कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस म्हणतात. एक सेंटिमीटर, त्याहूनही मोठा, चकचकीत काळा. झाडाच्या बुंध्याशी किंवा अंगणाच्या मातीत त्याचं घर असतं. तो बहुतेक दिवस मावळल्यावर हिंडतो. अंगणातल्या झाडाच्या कोवळ्या फांदीवर मावा पडला की हे मुंगळे तिथं राखणीला उभे दिसतात, कारण मावा अंगातून गोड रस सोडतो आणि तो यांना प्यायचा असतो. मुंगळ्याला नांगी नाही. दाबलात तर जबड्यानं कडाडून चावतो आणि आम्ल सोडतो, म्हणून चुरचुरतं. आपण होऊन मात्र तो कुणाच्या वाटेला जात नाही.

ओट्यावर जी लहान काळी मुंगी वेड्यासारखी इकडून तिकडे पळते, सरळ रेघेत जातच नाही, ती वेगळी. जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर, पाय आणि मिशा अंगाच्या मानानं भलत्याच लांब. पॅराट्रेकिना लाँगिकॉर्निस हे तिचं नाव. आमच्याकडे पोरं तिला घाईची मुंगी म्हणतात आणि मला ते शास्त्रीय नावापेक्षा बरं वाटतं. ती चावल्याचं जाणवतही नाही. तिला जरा कुठं त्रास झाला की सगळं बिऱ्हाड उचलून दुसरीकडे हलवते.

तिच्याहून बारीक म्हणजे दीड मिलिमीटरची एक. डोकं काळपट, पोट आणि पाय इतके फिके की पांढऱ्या फरशीवर नुसतं डोकंच चालल्यासारखं दिसतं. टॅपिनोमा मेलानोसेफॅलम. साखरेच्या डब्यात, मिक्सरच्या भांड्याखाली, कुंडीत, खिडकीच्या चौकटीच्या फटीत हिचा मुक्काम. ही चिरडली गेली तर खवट खोबऱ्यासारखा वास येतो. तो वास आपल्यापैकी पुष्कळ जणींनी घेतलाय. कशाचा ते माहीत नसेल, एवढंच.

आणि आता 'काळी मुंगी काही करत नाही' म्हणणाऱ्यांसाठी. आंब्यासारख्या जुन्या झाडांच्या वाळक्या फांद्यांत एक लांबोडकी मुंगी राहते, टेट्रापोनेरा रुफोनायग्रा. डोकं काळं, पोट काळं, मध्ये तांबडं. तिला नांगी आहे, आणि ती डंख मारते तेव्हा गांधीलमाशीची आठवण होते. बागेच्या मातीत डायाकामा नावाची दुसरी एक काळी मुंगी असते. अंगावर बारीक रेघोट्या, उन्हात राखाडी झाक. ही रांगेनं चालत नाही, एकटीच फिरते, आणि घर बदलायचं झालं की एक मुंगी दुसरीला मागोमाग घेऊन नव्या घरी पोचवते, एका वेळी एकच. आपल्याकडच्या डायाकामांत वेगळी राणीसुद्धा नसते. कामकरी मुंग्यांतलीच एक अंडी घालते. हिलाही नांगी आहे. म्हणजे नुसत्या रंगावर जाल तर शुभ म्हणून हात पुढे कराल आणि ठणकतं बोट घेऊन परत याल.

रंगावरून लक्ष्मी आणि कर्ज ठरवणं याला आपल्याकडे शब्द आहे, बायांनो: लोकमूढता. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात ज्या तीन मूढता टाळायला सांगितल्या आहेत त्यांतली ही. पाठशाळेत आपण सगळ्या जणी ती पाठ करून आलो आहोत. परीक्षेत मार्क मिळवले आणि व्हॉट्सअॅपवर पुढे ढकलताना विसरलो. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामी कोणत्या जीवाला किती इंद्रियं ते सांगतात, तेव्हा तीन इंद्रियांच्या जीवासाठी उदाहरण घेतात ते मुंगीचंच. स्पर्श, रसना, घ्राण. काळीला तीन आणि लालला दोन असं तिथं कुठंही नाही. (मुलं विचारतात की विज्ञानाच्या पुस्तकात तर मुंगीला डोळे दाखवलेत. विचारू देत. मी त्यांना सांगते की मुंगीचं जग मुख्यतः वासावर चालतं, यावर तुझं पुस्तक आणि आपलं शास्त्र दोघांचं जमतं. बाकीचं महाराजांना विचार.)

रंगाचा मुद्दा इतका ताणते आहे त्याला कारण आहे. या शुभ-अशुभाच्या आडून आपण स्वतःला एक सवलत देतो. शनिवारी झाडाखाली काळ्यांना साखर घातली की लालवर खडू ओढायला मन मोकळं. पुण्य जमेला, पाप खर्चाला, आणि वही जुळली. पण खडू काय रंग बघून मारतो? ओट्याच्या कडेला ओढलेल्या रेघेवरून लाल गेली तरी मरते, काळी गेली तरी मरते, कोळी गेला तरी तोही मरतो.

त्या खडूत असतं काय? साध्या खडूच्या भुकटीत मिसळलेलं डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनसारखं कीटकनाशक. मुंगीच्या पायाला ते लागतं आणि तिच्या मज्जातंतूंवर चढतं. तंतू एकदा चेतले की शांतच होत नाहीत. मग ती थरथरते, पाठीवर पडते, पाय झाडत राहते, आणि मग लुळी होते. हे मी वाढवून सांगत नाही, विषाची रीतच ती आहे. आपण सकाळी फक्त मेलेल्या मुंग्यांची रांग बघतो, रात्रीचं बघत नाही.

त्याहून मला जास्त टोचतं ते बोरिक पावडर साखरेत कालवून ठेवणं. 'यात केमिकल नाही हो, घरगुती आहे' असं सांगत एक काकू ही कृती सगळ्यांना देत असतात. मुंगीच्या पोटात दोन कप्पे असतात असं समजा. एक तिचा स्वतःचा, एक घरच्यांसाठी. बाहेर मिळालेला गोड रस ती त्या दुसऱ्या कप्प्यात भरून नेते आणि वारुळातल्या बहिणींना, पिलांना, राणीला तोंडात तोंड घालून भरवते. आपण साखर दाखवतो, ती विश्वासानं खाते आणि घरी जाऊन स्वतःच्या तोंडानं सगळ्यांना विष भरवते. उत्तम आर्जवाच्या दिवशी आपण मायाचार सोडा म्हणून ऐकतो. आमिष दाखवून मारणं हा मायाचार नाही तर दुसरं काय आहे?

यावर एक ठरलेलं उत्तर येतं, आणि ते शास्त्राच्या भाषेत येतं म्हणून जास्त फसवं. 'अहो, गृहस्थाला आरंभी हिंसा सुटत नाही.' बरोबर आहे, सुटत नाही. चूल पेटवली, केर काढला, पाणी तापवलं, कपडे धुतले, त्यात जीव जातात, आणि श्रावकाला ते पूर्ण टाळता येत नाही. उद्योगी सुटत नाही, विरोधी सुटत नाही. पण चौथी जी संकल्पी, जाणूनबुजून मारायच्या हेतूनं केलेली, ती श्रावकानं सोडायचीच आहे, तिथं सवलत नाही. आता सांगा, फरशी पुसताना न दिसलेली मुंगी फडक्याखाली आली आणि दुकानातून खडू विकत आणून, वेष्टन फाडून, रात्री सगळे झोपल्यावर ओट्याखाली रेघ ओढली, हे दोन्ही एकाच खणात कसं बसवता? खडूचा दुसरा उपयोग तरी काय आहे?

कांदा नाही, बटाटा नाही, मध नाही. पाणी गाळून पिणं आहे. आपल्या आज्या विहिरीचं पाणी गाळल्यावर गाळणं उलटं करून त्यातले जीव परत त्याच विहिरीत सोडायच्या. दोरानं हळू भांडं उतरवायच्या, वरून ओतायच्या नाहीत. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवासाठी एवढं. आणि डोळ्यांसमोर रांगेनं चालणाऱ्या जीवासाठी वीस रुपयांचा खडू.

आता जरा अवघड गोष्ट लिहिते, काही जणींना राग येईल. आपण बहुतेक वेळा स्वतः मारत नाही. आपण कामाला येणाऱ्या मावशींना सांगतो. 'मावशी, तेवढ्या मुंग्या पुसून घ्या हो.' आपण पाठ वळवतो, त्या फिनाइलच्या फडक्यानं अख्खी रांग पुसतात. मंदिराच्या कमिटीनंही तेच केलं: माणूस बोलावला, पैसे दिले, पावती घेतली. कृत, कारित, अनुमोदना. करणं, करवणं आणि केल्याला बरं म्हणणं, तिन्हींचा बंध आहे हे आपण सामायिकाला बसताना रोज म्हणतो. मावशी जैन नाहीत, त्यांनी कोणतंही व्रत घेतलेलं नाही. त्यांच्या हातून करवलं म्हणून आपला हात कोरडा राहिला, ही समजूत कुठून आली? एक तर त्यांना आधीच आपल्या घरात दहा नियम पाळावे लागतात. त्यात आपण जे करायला कचरतो ते काम त्यांच्या गळ्यात.

कमिटीची बाजूही मी ऐकली आहे. लाडवात मुंगी गेली आणि कुणाच्या पोटात गेली तर ते मोठं पाप नाही का? आहे. म्हणून तर लाडू झाकायचा असतो. भोजनगृहात औषध मारल्यावरही लाडू उघडाच राहणार असेल तर त्यावर माशी बसेल. मग माशीचं औषध आणणार?

मुंग्या घरात का येतात हे एकदा समजून घेतलं तर निम्मं काम होतं. वाट शोधणारी एक मुंगी आधी एकटी येते. तिला गुळाचा खडा मिळाला की परत जाताना ती जमिनीला पोट टेकवत वासाची खूण सोडत जाते. तो वास धरून दुसऱ्या येतात, त्या आपलीही खूण त्यात घालतात, रांग पक्की होते. खाणं संपलं की कुणी नवी खूण सोडत नाही, वास उडून जातो, रांग विरते. म्हणजे रांग आपण मोडायचीच नसते. गुळाचा खडा उचलायचा असतो. आपल्या सांगली-कोल्हापूरकडे घरात गुळाची ढेप असतेच आणि गुळाला मुंगळा चिकटावा तसं हे सगळं त्या ढेपेला चिकटलेलं असतं. तेव्हा ढेप फोडून घट्ट झाकणाच्या डब्यात गेली पाहिजे, पोत्यात नाही. डबा बाहेरूनही पुसलेला हवा. मी बघते की डब्याच्या आत लवंगा घालतात आणि बाहेर पाकाचा ओघळ तसाच. लवंगेनं काय होणार?

मुंग्या लागलेला पदार्थ ओट्यावरून उचलून बाहेर सावलीत, भिंतीच्या कडेला ठेवा. तासाभरात त्या आपल्या वाटेनं जातात. साखर परातीत पसरून कडक उन्हात ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, ती मला पटत नाही. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या परातीत त्या भाजतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात किंवा उजेडाच्या सावलीत ठेवली तरी निघून जातात, थोडा वेळ जास्त लागतो. ओट्यावरच्या चुकार मुंग्या मऊ कुंच्यानं कागदावर घ्यायच्या. मुनिमहाराजांच्या हातातली पिच्छी मोराच्या पिसांची का असते ते आठवलं की कुंचा किती मऊ हवा हे कळतं. शेवटची मुंगी गेली की मग, आधी नाही, साबणाच्या पाण्यानं ती जागा पुसायची. वासाची वाट पुसली जाते. गॅस लावायच्या आधी बर्नरखाली एकदा वाकून बघायचं.

तूप-साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवायची सासूबाईंच्या वेळची रीत पुष्कळ घरांत आहे. ताटलीत सकाळी बुडालेल्या मुंग्या कुणी मोजल्यात का? शिवाय साचलेलं पाणी. घट्ट झाकणाचे डबे नव्हते तेव्हाची ती सोय होती. आता तिची गरज नाही. जुनी रीत म्हणून ती आपोआप अहिंसक होत नाही.

आणि रात्रीच्या भांड्यांचं काय? आपण सूर्यास्ताआधी जेवतो, अभिमानानं सांगतो. पण खरकटी भांडी सिंकमध्ये सकाळी मावशी येईपर्यंत तशीच. मुंगळे तर रात्रीच बाहेर पडतात. सकाळी नळ सोडला की त्या कढईतल्या सगळ्या जीवांचं काय होतं हे प्रत्येकीला माहीत आहे. रात्रिभोजनाचा त्याग तोंडापुरता करायचा आणि भांड्यांनी रात्रभर जेवण मांडून ठेवायचं, याला मी त्याग म्हणणार नाही. दिवे लागायच्या आत ओटा कोरडा झाला पाहिजे. भांडी आपण घासा, नवऱ्यानं घासावीत, मुलांनी घासावीत.

फवाऱ्याचा एक तोटा तर निव्वळ व्यवहाराचा आहे, धर्म बाजूला ठेवला तरी. घरात राहणाऱ्या काही बारीक मुंग्यांच्या वारुळात एकच राणी नसते, अनेक असतात. फवारलं की समोर दिसणाऱ्या मरतात, उरलेल्या राण्या-पिलांना घेऊन दोनतीन ठिकाणी वेगवेगळी बिऱ्हाडं थाटतात. स्वयंपाकघरात एक रांग होती, महिन्याभरानं न्हाणीत आणि देव्हाऱ्यातही दिसते. मग परत तो माणूस, परत पावती.

पावसाळ्यात मुंग्या जास्त दिसतात म्हणून कुरकूर असते. बिळात पाणी शिरलं की त्या अंडी-पिलं तोंडात धरून कोरडी जागा शोधतात, आपलं जोतं त्यांना कोरडं वाटतं. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी पंखवाल्या मुंग्या दिव्याभोवती जमतात. नव्या राण्या आणि नर असतात ते. तासभर बाहेरचा दिवा बंद ठेवला तर त्या घराकडे येत नाहीत. जीवांची उत्पत्ती या दिवसांत वाढते म्हणूनच महाराज चार महिने एका जागी थांबतात. आपण त्यांच्या चातुर्मासाच्या स्वागताची कमान उभारतो आणि त्याच चार महिन्यांत खडूचा खप वाढवतो.

तान्ह्या बाळाच्या पाळण्याला लाल मुंग्या लागल्या, कुणाला डंखानं अंग सुजून श्वास लागला, अशा वेळी आई जे करेल त्यावर मी बोट ठेवणार नाही. तिथं विरोधी हिंसेचा विचार आहे आणि तो ज्याचा त्यानं करायचा. पण आपल्यातल्या किती जणींनी खडू पाळण्यासाठी आणलाय? बहुतेक खडू शेवग्याच्या आमटीच्या ओघळासाठी आणलेला असतो. आणि रांगतं मूल त्याच रेघेवरून हात फिरवून तो हात तोंडात घालतं.

आमच्या मंदिराच्या महिला मंडळाची बैठक येत्या रविवारी आहे. भोजनगृहाच्या फवारणीचा खर्च हिशेबात 'स्वच्छता' या नावाखाली टाकायचा आमच्याकडेही विचार चाललाय असं कळलं. मी लेखी विरोध देणार आहे, आणि त्याच पैशांत घट्ट झाकणाचे बारा मोठे स्टीलचे डबे, जाळीचं एक कपाट आणि पंगत उठल्यावर लगेच भांडी घासायला आठ जणींची पाळी, असा ठराव मांडणार आहे. पहिल्या पाळीत माझं नाव घातलंय. सात नावं हवी आहेत. सूनबाईंना पाठवू नका, स्वतः या.